एक मीटर बाय एक मीटर

ऐंशीच्या दशकात बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी काही अटी ग्राह्य धरल्या. त्यांतली एक अट जागेची होती. फेरीवाल्याने पदपथावर किंवा रस्त्याच्या अगदी कडेला, एक मीटर बाय एक मीटर एवढ्याच जागेत धंदा करावा. दुसरी अट मालाची होती. शिजवलेले पदार्थ, कापलेली फळं, रस असलं काही त्याने विकू नये. सार्वजनिक आरोग्यासाठी ही बंदी गरजेचीच आहे, असं न्यायालयाचं मत पडलं. तोवर दादर स्टेशनबाहेर वडापाव तळायला लागून दोन दशकं होत आली होती आणि चौपाटीवर भेळ खाण्यात पिढ्या सरल्या होत्या. शहर रोज जे खात होतं, नेमकं तेच कागदावर निषिद्ध ठरलं. हा विसंवाद अजून मिटलेला नाही. मुंबईच्या गाड्यांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक चवीत रमतं. कुठली चटणी झणझणीत, कुठल्या गल्लीतला डोसा कुरकुरीत, यापुढे फारसं जात नाही. मला वाटतं, या गाड्यांवरचं वैविध्य मुळात जागेतून आणि वेळेतून आलेलं आहे, पदार्थ त्यामागून आले. म्हणून ते टिकवायचं तर पाककृती जपून भागणार नाही, गाडीवाल्याला त्याची जागा कायद्याने द्यावी लागेल. ज्या स्वच्छतेच्या नावाने ही जागा नाकारली जाते, ती स्वच्छतासुद्धा जागेची शाश्वती आल्याशिवाय येणार नाही.

उपनगरातल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर दिवसभरात काय काय उभं राहतं, ते नीट पाहिलं तर जागा आणि वेळ म्हणजे काय ते कळतं. सकाळी जिन्याच्या तोंडाशी स्टीलचे मोठे डबे मांडून बायका उभ्या असतात. पोहे, उपमा, शिरा, उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. गिऱ्हाईक चाकरमानी, हातात दोन-तीन मिनिटं, मागे लोकलची वेळ. दहा-साडेदहाला डबे रिकामे होतात आणि बाई घरी जाते. त्याच सुमाराला धारावीतून निघालेल्या इडलीच्या सायकली भोंगा वाजवत गल्लोगल्ली फिरून परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. मागे कॅरियरवर इडली-मेदुवड्याचं पातेलं, हँडलला चटणी-सांबाराच्या किटल्या. ज्याच्या दारात भोंगा वाजतो, त्याला जिना उतरण्यापलीकडे कुठे जावं लागत नाही. दुपारी फोर्टात, बँका आणि शेअर बाजाराच्या आसपास, सँडविचवाल्यांचा वकूब दिसतो. संध्याकाळी पुन्हा स्टेशन, पण आता वडापाव, भजी, पाणीपुरी, कारण माणूस उलट्या दिशेने चाललाय आणि घरी पोचायला अजून तास-दीड तास आहे. रात्री दहानंतर त्याच कोपऱ्यावर भुर्जीपावची गाडी लागते. दुसरी पाळी संपवून येणारे, रिक्षावाले, वॉचमन, हॉटेलांतून सुटलेली पोरं हे तिचं गिऱ्हाईक. चोवीस तासांत एकाच तुकड्यावर तीन-चार जणांची पोटं चालतात आणि हजारोंची भरतात. सकाळचे पोहे रात्री दहाला आणि भुर्जी सकाळी आठला ठेवली, तर दोन्ही पदार्थ तेच राहतील आणि दोन्ही धंदे बुडतील.

सँडविचची गाडी तर या एक मीटरच्या हिशेबाचा उत्तम नमुना आहे. उंच स्टँडवर एक लाकडी फळी. तिच्यावर पावाचे स्लाइस, अमूल बटर, हिरवी चटणी. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा यांच्या चकत्या मागणीप्रमाणे कापल्या जातात, आधी कापून ठेवायला जागाच नसते. खाली शेगडी आणि तिच्यावर लांब दांड्याचा, दोन पाखांचा हातटोस्टर. तो उलटा-सुलटा करत असतानाच पुढच्याच्या स्लाइसला बटर लागतं. टोस्ट निघाला की सुरीचे दोन-तीन घाव, वर शेव, बाजूला चटणी. गिऱ्हाईक उभ्याउभ्या खातं, म्हणून टेबल नाही, खुर्ची नाही, वेटर नाही. जो खर्च हॉटेलात जागेवर, माणसांवर आणि विजेवर होतो, तो इथे जवळपास शून्य. वडापावच्या गाडीचं गणितही असंच. बटाटे घरी उकडले, सोलले जातात, भाजीचे गोळे घरूनच वळून येतात, लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी घरात कुटली जाते. गाडीवर उरतं ते बेसनात बुडवणं, घाणा काढणं, लादीतला पाव सोडवून चिरणं आणि चटणी दाबून वडा भरणं. गाडीवर दिसतो एक पुरुष, पण त्याच्यामागे पहाटेपासून राबणाऱ्या घरातल्या दोन-तीन बायका असतात. गाडी उचलली जाते तेव्हा बंद पडतं ते हे सगळं घर. गाडीवाल्यांच्या कुठल्याही मोजणीत या बायकांचा आकडा येत नाही, ही मला या विषयातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

या गाड्या मुळात आल्या कुठून, याचं उत्तर गिरणगावात सापडतं. ऐन भरात मुंबईत पन्नासच्या वर कापडगिरण्या होत्या आणि त्या पाळ्यांमध्ये चालत. कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा पुरुष दहा बाय दहाच्या खोलीत आणखी दहा-बारा जणांबरोबर राही. काहींच्या वाट्याला खोलीतली झोपण्यापुरती जागा, तीही पाळीने. अशा खोलीत चूल पेटवणं शक्य नव्हतं. त्याच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायकांनी केली. एकेक बाई आपल्या खोलीत पंधरा-वीस कामगारांना जेवू घालायची, आणि धान्य उधारीवर आणताना सावकाराच्या व्याजात अडकायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्जं मिळवून दिली. तारण म्हणून ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. माझ्या मुद्द्यासाठी हे उदाहरण मोलाचं आहे, कारण त्या बायकांचा स्वयंपाक आधीही तोच होता आणि नंतरही तोच राहिला. बँकेने त्यांना धंदेवाईक म्हणून ओळख दिली आणि मग भांडी, धान्य, जागा यांत पैसे घालायची हिंमत त्यांच्यात आली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी संपलाच नाही. ज्या घरांत पगार येणं थांबलं, त्यांतल्या अनेकांनी नाक्यावर कढई ठेवली. त्या काळात वडापावची गाडी लावणं म्हणजे हौस नव्हती, बेकारीवरचा तो सर्वांत स्वस्त इलाज होता. भांडवल थोडं, शिकायला दोन दिवस, आणि गिऱ्हाईक दारातच.

गाड्यांवरची बाकीची रेलचेलसुद्धा अशीच, माणसं कुठून आली आणि कुठे स्थिरावली यातून घडलेली आहे. फाळणीनंतर चेंबूरच्या निर्वासित छावणीत सिंधी कुटुंबं वसली, म्हणून चेंबूर कॅम्पात दाल-पकवान मिळतं. घाटकोपरात गुजराती वस्ती दाट, म्हणून तिथल्या खाऊगल्लीत सगळं शाकाहारी आणि डोशात चीज, पनीर, शेजवान काहीही. झवेरी बाजारात दिवसभर बसून काम करणारे कारागीर आणि व्यापारी, म्हणून तिथली खाऊगल्ली दुपारीच गजबजते. मोहम्मद अली रोडवर रमजानात इफ्तारनंतर रात्रभर मालपुवा आणि कबाब, कारण तिथल्या माणसाची जेवणाची वेळच त्या महिन्यात रात्रीची असते. लाल रंगाची चायनीजची गाडी तर जवळपास पूर्णपणे इथलीच निर्मिती. मंचुरियन हा पदार्थ १९७५ च्या सुमारास मुंबईतल्याच एका क्लबात, नेल्सन वांग या आचाऱ्याच्या हातून जन्मला असं मानलं जातं. क्लबाच्या स्वयंपाकघरातून तो पदपथावर उतरला आणि तळलेल्या नूडल्सवर कोबी, कांदा नि शेजवान चटणी घालून त्याची चायनीज भेळसुद्धा झाली. एखाद्या सरकारी समितीने बसून शहरासाठी पदार्थांची यादी केली असती, तर तिला चायनीज भेळ सुचली नसती. ज्याच्या हाताशी एक कढई, एक मीटर जागा आणि रस्त्यावरची पोरं होती, त्यालाच ती सुचली.

आता वडापावकडे परत येऊ, कारण कायद्याचा पेच त्याच्याच गोष्टीत स्पष्ट दिसतो. वडापाव पहिल्यांदा विकण्याचा मान सामान्यतः अशोक वैद्य यांना दिला जातो. साल १९६६, ठिकाण दादर स्टेशनबाहेर. श्रेय कोणाचं यावर वाद घालता येईल, स्थळावर मात्र फारसा वाद नाही. उत्तरेकडून येणारे पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्रवासी जिथे गाडी बदलतात, तिथेच एका हातात मावणारा, ताट-चमचा न लागणारा, पोटभर आणि स्वस्त पदार्थ जन्मला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. त्यानंतर फेरीवाल्यांवरून पेटलेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात स्पष्ट केलं की रेल्वे स्टेशन आणि पालिकेच्या मंडईपासून १५० मीटरच्या आत, तसंच शाळा-महाविद्यालयं आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाले बसू शकणार नाहीत. दादरच्या नकाशावर ही वर्तुळं काढून पाहावीत. स्टेशन, मंडई, शाळा, देवळं सगळी एकमेकांना लागून आहेत, वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि मधे फारशी मोकळी जागाच उरत नाही. १९६६ मध्ये हा नियम काटेकोर लागू असता, तर ज्या पदार्थाला आज महाराष्ट्राची ओळख म्हणून मिरवलं जातं, तो निदान तिथे जन्माला आला नसता.

स्टेशनजवळ विकणं गुन्हा आणि स्टेशनपासून लांब विकणं निरर्थक, अशा कोंडीत हा धंदा चालतो. महापालिकेने १९७८ पासून नवे परवाने देणं जवळपास थांबवलं. १९९८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘युवा’ ही संस्था यांनी केलेल्या गणनेत पालिकेच्या जागांवर लाखाच्या वर फेरीवाले आढळले, परवानाधारक त्यांतले थोडेसेच. २०१४ चा पथविक्रेता कायदा आला तेव्हा या सगळ्यावर उतारा मिळाल्यासारखं वाटलं होतं. त्या कायद्याने पथविक्रेत्याच्या व्याख्येतच खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा समावेश केला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, त्या क्षेत्राच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणं, विक्रेत्यांचे ४० टक्के निवडून आलेले सदस्य असलेली नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणालाही न हटवणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही आहे. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची १ कोटी २४ लाखांची लोकसंख्या धरली, तर अडीच टक्के म्हणजे तीन लाखांच्या वर विक्रेते होतात. प्रत्यक्षात २०१४ च्या सर्वेक्षणात लाखाच्या घरात अर्ज आले, आणि २०२४ च्या ऑगस्टात समितीवरचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झालं तेव्हा यादीत ३२ हजारांच्या आसपास विक्रेते होते. कायदा येऊन दहा वर्षं झाल्यावर हे मतदान झालं. यादीबाहेर राहिलेला गाडीवाला आजही रोज कायद्याच्या बाहेर उभा राहतो, आणि तिथे त्याला भेटतो तो हप्ता. परवाना न देण्याचं धोरण म्हणजे गाडी नको असं नव्हे, गाडीचा महसूल पालिकेच्या तिजोरीऐवजी भलत्याच खिशात जावा असं होतं. कोणी असं ठरवून केलं, असा माझा आरोप नाही. परिणाम मात्र हाच आहे.

गाडीवाल्याला कायदेशीर जागा देण्याच्या मागणीवर सर्वांत जोरकस आक्षेप स्वच्छतेचा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. पावसाळ्यात काविळीचे, टायफॉइडचे रुग्ण वाढतात आणि त्यांतल्या काहींचा संबंध उघड्यावरच्या खाण्याशी असतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण घाण नेमकी कुठे असते, ते सुटं करून पाहायला हवं. कढत तेलातून निघालेल्या वड्यात जंतू सहसा जगत नाहीत. धोका असतो पाण्यात, बर्फात, कच्च्या कांद्या-कोथिंबिरीत, चटणीत, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात, आणि एकाच बादलीत विसळलेल्या बशीत. पाणीपुरीवाल्याचा हात ज्या मडक्यात जातो, ते पाणी कुठून आलं हाच खरा प्रश्न असतो. या प्रत्येकाला स्वतंत्र उपाय आहे. बर्फाचं घ्या. सरबत-गोळ्यात जाणारा बर्फ पुष्कळदा मासळी टिकवायच्या कारखान्यातून यायचा. २०१८ मध्ये राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाने खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम केला. अंमलबजावणी कितपत झाली हा भाग वेगळा, पण दिशा बरोबर होती, कारण तिने गाडीवाल्याच्या मागे न धावता कारखान्याला हात घातला. तेलाबाबतही केंद्रीय नियम आहे. तळण्याच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही. ही मर्यादा नाक्यावर तपासायला एक साधं हातातलं यंत्र आणि एक निरीक्षक पुरतो.

पाण्याचा प्रश्न मात्र जागेशी बांधलेला आहे, आणि माझा सगळा मुद्दा इथे येऊन ठेपतो. गाडीवाल्याने स्वच्छ राहायचं तर त्याच्याकडे नळ हवा, किंवा निदान तोटीची टाकी, सांडपाण्याचा डबा, झाकणाची कचराकुंडी, काचेचा आडोसा हवा. आता मुंबईची गाडी पाहा. ती हलकी असते, पायांवर घडी होते, नाहीतर तिला चाकं असतात. “गाडी आली” अशी हाक गल्लीच्या टोकाला उठली की मिनिटाभरात सगळं आवरून आत वळता आलं पाहिजे, अशाच बेताने तिचं सामान मांडलेलं असतं. गाडी म्हणजे पालिकेच्या अतिक्रमण विभागाची. पन्नास लिटरची पाण्याची टाकी घेऊन पळता येत नाही. काचेचं कपाट घेऊन पळता येत नाही. जप्त झालेला सिलिंडर, कढई, कधी सगळी हातगाडीच सोडवायला दंड भरावा लागतो, आणि कधी ती परत मिळतच नाही. अशा माणसाने स्टीलची चांगली गाडी का करावी? जी उद्या जाणार, तिच्यात पैसे घालणारा धंदेवाला अडाणीच म्हणावा लागेल. म्हणजे गाडीवरची घाण गाडीवाल्याच्या स्वभावात नसून पुष्कळशी त्याला पळावं लागण्यात आहे. ज्याला आपली जागा पाच वर्षं कोणी हिसकावणार नाही याची खात्री आहे, तो टाकी बसवेल, आणि बसवली नाही तर त्याचा परवाना रद्द करता येईल. बिनपरवान्याच्या माणसाकडून काढून घ्यायला परवानाच नसतो, म्हणून त्याच्यावर नियमाचा वचक बसत नाही. आजची व्यवस्थाही मोठी विचित्र आहे. वार्षिक उलाढाल लहान असेल तर नाममात्र शुल्कात अन्नसुरक्षेची नोंदणी मिळते. २०२० पासून केंद्र सरकारच्या स्वनिधी योजनेत बँकांकडून कर्ज मिळतं. यांतला एकही कागद त्याला रस्त्यावर उभं राहायचा हक्क देत नाही. एक कार्यालय त्याला खाद्यविक्रेता म्हणून नोंदवतं, दुसरं कर्ज देतं, आणि तिसरं त्या कर्जातून घेतलेली गाडी उचलून नेतं.

दुसरा आक्षेप पादचाऱ्याचा. तो माझ्या मते स्वच्छतेच्या आक्षेपाहूनही जास्त वजनाचा आहे, कारण पदपथावरून चालणारा माणूसही बहुधा गरीबच असतो. पांगळा, म्हातारा, कडेवर पोर घेतलेली बाई यांना गाडीमुळे रस्त्यावर उतरावं लागत असेल, तर गाडीच्या बाजूने कुठलाही युक्तिवाद टिकत नाही. पुलावर, जिन्यावर, स्टेशनच्या दारात एकही गाडी असता कामा नये. तिथे कडकपणा हवाच. पण एल्फिन्स्टनच्या पुलावर माणसं मेली त्यामागे ऐन गर्दीच्या वेळी आलेला पाऊस आणि वाढत्या प्रवाशांना कधीच न पुरणारा अरुंद पूल होता. त्या दुर्घटनेचा हिशेब नंतर आसपासच्या रस्त्यांवरच्या सगळ्याच गाड्यांकडून मागितला गेला. अंतराऐवजी रुंदीचा नियम केला तर दोघांचाही न्याय होईल. चालणाऱ्यासाठी किती रुंदी मोकळी राहिलीच पाहिजे ते आधी ठरवा, ती पदपथावर रंगाने आखा, आणि उरलेल्यात बसत असेल तरच एक मीटरची चौकट द्या. स्टेशनपासून १४० मीटरवरच्या ऐसपैस पदपथावर गाडी बेकायदा आणि १६० मीटरवरच्या चिंचोळ्या गल्लीत ती कायदेशीर, यात पादचाऱ्याचं काहीच भलं होत नाही. आणि पदपथ अडवणाऱ्यांची यादी करायची तर तीत दुचाक्या, चारचाक्या, दुकानदारांनी पुढे आणलेल्या पायऱ्या, विजेच्या पेट्याही आल्या पाहिजेत.

हॉटेलवाले म्हणतात, आम्ही भाडं भरतो, कर भरतो, परवाने काढतो, आणि आमच्याच दारात हा फुकट उभा राहतो. त्यांचं दुखणं खरं आहे, पण त्याचा उपाय परवाना हाच आहे. गाडीवाल्याने रीतसर शुल्क भरावं, पावती घ्यावी, तपासणीला सामोरं जावं. आज जे तो देतो त्याची पावती नसते, एवढंच. एकाच्या नावावर दहा गाड्या आणि त्यांवर पगारी पोरं, असं होईल ही शंकाही रास्त आहे, पण कायद्यात तिची तजवीज आहे. प्रमाणपत्रधारकाने स्वतः किंवा कुटुंबीयाने विकायचं, ते भाड्याने द्यायचं नाही, दुसरं उपजीविकेचं साधन असता कामा नये.

परप्रांतीयांचा मुद्दा मराठी वाचकापुढे टाळून चालणार नाही. गाड्यांवर उत्तरेकडचे लोक फार झाले, परवाने दिले तर त्यांचंच फावेल, असं अनेकांना मनापासून वाटतं. भीती समजू शकते. रोजगार आटत चाललेल्या शहरात कोणालाही वाटेल. पण बिनपरवान्याच्या व्यवस्थेत कोण टिकतं, याचा विचार व्हावा. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे आहेत, ज्याच्या मागे टोळी किंवा गल्लीतला दादा आहे, जो गाडी घेऊन पळू शकतो, तो टिकतो. सकाळी दोन तास पोह्यांचा डबा मांडणारी, नवऱ्याची नोकरी गेलेली मराठी बाई यांपैकी काहीच करू शकत नाही. तिला नोंदणीची गरज सर्वांत जास्त आहे. शिवाय आपण ज्याला आपलं म्हणतो त्या वडापावातला पाव आणि बटाटा दोन्ही पोर्तुगिजांच्या काळात समुद्रावरून आले, आणि ते आपले झाले ते इथल्या हातांनी त्यात बेसन, लसूण नि हिरवी मिरची घातल्यामुळे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. हेतू चांगला होता, पदार्थ आपला होता, जागा सरकारने दिल्या होत्या. तरी योजना टिकली नाही, आणि बऱ्याच केंद्रांवर पुढे दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. कुठे काय खपेल हे वरून ठरवलं की असं होतं. गाडीवाल्याला ते रोजच्या गल्ल्यावरून कळतं.

राहता राहिला सिंगापूरचा दाखला. गाड्या हटवून छान खाद्यकेंद्रं बांधा, असं सुचवणारे तो हमखास देतात. सिंगापूरने हे खरंच करून दाखवलं, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. पण क्रम लक्षात घ्यावा. १९६८-६९ मध्ये आधी देशभरच्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली, सुमारे १८ हजारांना ओळख मिळाली. मग १९७१ पासून पुढची पंधरा वर्षं, जिथे नव्या सरकारी वसाहती उठत होत्या तिथेच, नळ आणि गटार असलेली केंद्रं बांधून त्यांना हलवलं गेलं. गिऱ्हाईक जिथे राहतं तिथे केंद्र गेलं. आपल्याकडे जेव्हा अशी केंद्रं सुचवली जातात, तेव्हा ती बहुधा समुद्राकाठी किंवा रिकाम्या भूखंडावर असतात. सहलीला आलेल्यांची तिथे सोय होईल, हरकत नाही. पण सात-साडेसातची लोकल पकडणाऱ्याला, रात्री पाळी संपवून स्टेशनकडे चालणाऱ्याला तिथे पोचता येणार नाही. लोकलने रोज ७० लाखांच्या वर लोक प्रवास करतात असा कोविडच्या साथीच्या आधीचा हिशेब होता. त्यांच्या वाटेवर जे नाही, ते त्यांच्यासाठी नाहीच.

वाटेवरच्या गाडीवर आणखी एक संकट वेगळ्याच दिशेने आलंय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेची दशा पाहून उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवा सुधारायलाच हवी, आणि भट्टीजवळ राबणाऱ्या माणसाच्या छातीत जो धूर जातो त्याचाही विचार हवा. पण लादीपाव भाजणाऱ्या छोट्या बेकरीला नवी भट्टी परवडली नाही तर पाव महागेल किंवा मोठ्या कारखान्याचा येईल, आणि त्याची झळ आधी गाडीवर लागेल. इंधन बदलायला मुदतीबरोबर कर्जही मिळालं तरच हा आदेश न्याय्य ठरेल. खाणावळवाल्या बायकांना पन्नास वर्षांपूर्वी बँकांनी जे दिलं, ते आज बेकरीवाल्याला देण्यात अडचण असायचं कारण नाही.

नव्या नगर पथविक्रेता समित्यांपुढे विषय पुष्कळ असतील, पण खाद्यपदार्थांच्या गाड्यांसाठी त्यांनी वेळेपासून सुरुवात करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कायद्यात एकाच जागेचा वेळ वाटून वापर करण्याची सोय आहे. ती सर्वांत जास्त उपयोगी पडेल ती याच धंद्यात. स्टेशनच्या वळणावर, पादचाऱ्याची वाट सोडून आखलेल्या एका चौकटीत, सकाळी सहा ते दहा पोह्यांचा डबा, चार ते नऊ वडापाव, दहानंतर भुर्जी, अशी तीन प्रमाणपत्रं देता येतील. तिघांना मिळून एक नळ, एक सांडपाण्याचं तोंड, एक कचऱ्याचा डबा. पाण्याचं बिल तिघांनी वाटून घ्यावं, महिन्यातून एकदा निरीक्षकाने तेल आणि पाणी तपासून त्याचा निकाल तिथेच लावावा, आणि सकाळच्या बाईचं नाव त्या यादीत सर्वांत आधी लिहावं, कारण डबे घेऊन तीच सर्वांत आधी तिथे येते.